चारशे बारा जणांचा एक मोबाइल नंबर

मी, धम्मरत्न पंजाबराव अवसरमोल, वय सत्तावन्न, धंदा वार्ताहर व ऑनलाइन सेंटर, राहणार डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. रक्तदाबाखेरीज मला आजार नाही. माझी बुद्धी शाबूत आहे की नाही याबद्दल पत्नी समता हिचे मत वेगळे आहे, परंतु तिने लेखी हरकत घेतलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव समताला, तिच्या पश्चात मुलगा प्रसेनजित याला. वरची खोली भाड्याने द्यावी, पण वार्ताहराला देऊ नये. घरात ऐकलेले तो बाहेर नेतो.

२. संस्कृतची सर्व पुस्तके मेहकरच्या ग्रंथालयास. मी संस्कृत घेऊन एम.ए. झालो तेव्हा आमच्या वस्तीत विचारत, ‘काऊन रे, पूजा सांगायले जाऊन राह्यला का?’ बाहेरचे लोक काही विचारत नसत, नुसते कौतुकाने पाहत. ते जास्त लागे. कोशावरचे डाग चहाचे आहेत, विद्वत्तेचे समजू नयेत.

३. ‘अक्षर ऑनलाइन सेंटर’मधील संगणक, प्रिंटर व दुकानाचा भाडेहक्क शाइस्ताबी यांना. त्यांनी तिथे अकरा वर्षे काम केले. लॅमिनेशनचे यंत्रही त्यांचेच. ते तापायला वेळ घेते, त्या घेत नाहीत. काम दोघांचेही चोख.

४. आता खरी मिळकत. माझ्या नावे एक मोबाइल नंबर आहे. सरकारी अर्ज संगणकावरून भरायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात गावातल्या तानुबाई पेन्शनच्या अर्जासाठी आल्या. अर्जातली नंबराची चौकट रिकामी सोडता येत नव्हती आणि तानुबाईंकडे फोन नव्हता. मी माझा नंबर टाकला. पुढे फोन असलेलेही म्हणू लागले, तुमचाच टाका सर, आमचा बदलत राहते. असे करता करता चारशे बारा माणसांची पेन्शन, पीकविमा, शिष्यवृत्ती आणि बँकखाती माझ्या खिशात वाजू लागली. खाते उघडायचा ओटीपी माझ्याकडे येतो आणि त्याच्यामागून बाकीचे सगळे येते. कोणाचे कर्ज नाकारले, कोणाची कसली तपासणी निघाली, कोण तिसऱ्यांदा नापास झाले. तीस वर्षांत मला मिळालेल्या सर्वांत पक्क्या बातम्या याच, आणि त्यांतली एकही मी छापली नाही. याचा मला अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी बसथांब्याजवळ ‘गावसोबती’ नावाच्या कंपनीने दुकान उघडले. सगळे अर्ज मोफत, वर चहा. वर्षभरात गावातली इतर तीन सेंटरे बंद झाली. मग चहा थांबला, आणि अर्ज भरायचा तर विमाही त्यांच्याच ॲपवरून घ्या, असे सुरू झाले. यावर मी तीन बातम्या केल्या. बाजार एकाच्या मुठीत जाणे किती वाईट, हे त्यांत सविस्तर होते. मी स्वतः कसा टिकलो, हे नव्हते. तिकडे गेलेल्या माणसालाही ओटीपीसाठी माझ्याच पायरीवर यावे लागे, म्हणून टिकलो.

कंपनीच्या साहेबाने हा नंबर मागितला. मी त्याला लोकांच्या खाजगीपणावर भाषण देऊन परत पाठवले. प्रसेनजित पुण्याहून म्हणाला, बाबा, दुकान राहू द्या, नंबर मला द्या, धंदा तोच आहे. त्यालाही भाषण दिले. तो म्हणाला, आता मराठीत सांगा.

गेल्या एप्रिलात तानुबाई पुन्हा आल्या. नातीने त्यांना फोन घेऊन दिला होता. गावसोबतीत पेन्शन पाहायला गेल्या होत्या, पण ओटीपीचा आकडा माझ्या खिशात. मी जरा तोऱ्यातच विचारले, तिकडे काऊन गेल्या होत्या? त्या पायरीवर बसल्या.

‘भाऊ, तिकडं गेली तरी तुमच्याच दारात येऊन राह्यली. माह्या पैशाचा मॅसेज तुमाले पयले कयते, मले मागून. आता मले फोन हाय. माहा नंबर टाकून द्या न.’

मी म्हणालो, सर्व्हर बंद आहे. सर्व्हर चालू होता. हे वाक्य या दस्तात राहू द्यावे.

तरी माझी इच्छा अशी की, हा नंबर कायमचा कोणालाही मिळू नये. मुलाला नाही, शाइस्ताबींना नाही, कंपनीला तर नाहीच. मात्र माझ्यामागे तो लगेच बंदही पडू देऊ नये, नाहीतर चारशे बारा दारांना एकदम कुलूप लागेल. जुन्या दानपत्रांत ‘यावच्चंद्रदिवाकरौ’, म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोवर, अशी मुदत घालत. तेवढा रिचार्ज अजून निघालेला नाही. चौऱ्याऐंशी दिवसांचा मिळतो, तो समताने मारावा आणि तेवढ्यापुरता नंबर विश्वस्त म्हणून सांभाळावा. त्या मुदतीत शाइस्ताबींनी एकेकाला बोलावून ज्याचा त्याचा नंबर टाकावा. माणूस समोर असल्याशिवाय त्याचा मेसेज उघडू नये. फोन नसलेल्याने कोणावर विश्वास ठेवायचा हे त्यालाच विचारावे. ‘तुमचाच टाका’ म्हणणाऱ्यावर रागावू नये, पण टाकूही नये. मुदत संपल्यावर सिमकार्ड कात्रीने कापावे.

५. समोरचे शिंपी कादरभाई गेली वीस वर्षे मला ‘पंडितजी’ म्हणून हाक मारतात आणि सदरा एक इंच आखूड शिवतात. त्यांना काय द्यावे यावर मी पुष्कळ विचार केला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे कळले, म्हणून त्यांना साक्षीदार केले आहे.

६. एवढ्या कामासाठी मरणाची वाट पाहणे बरे दिसेना, म्हणून जूनपासून मीच सुरुवात केली. तानुबाईंच्या घरी स्वतः गेलो. त्या रागावल्या नाहीत. चहा दिला आणि फोन माझ्या हाती न देता नातीच्या हाती दिला. आजअखेर दोनशे सहा नंबर बदलून झाले. पायरीवरची गर्दी निम्म्यावर आली आहे आणि माझी झोप वाढली आहे. उरलेले हयातीत संपले, तर कलम ४ आपोआप रद्द समजावे.

काल यादीत समताचे नाव निघाले. तिचेही खाते माझ्याच नंबरावर होते. ते बदलले. संध्याकाळी तिचा फोन वाजला. तिने मेसेज वाचला, हसली आणि फोन पालथा ठेवला. काय आले, मी विचारले.

‘तुमाले काय करा लागते?’ ती म्हणाली.

काय आले होते, ते मला ठाऊक नाही. हे मी पूर्ण शुद्धीवर आणि समाधानाने नमूद करतो.

ठिकाण : डोणगाव
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

(सही) धम्मरत्न पंजाबराव अवसरमोल

वरील सही लिहून देणाराने आम्हा दोघांदेखत केली, आणि आम्ही आमच्या सह्या त्याच्यादेखत केल्या :

१. (सही) शेख कादर शेख हुसेन, शिवणकाम, डोणगाव
२. (सही) पुष्पाबाई रामराव वानखडे, निवृत्त परिचारिका, डोणगाव