जत्रेतला खाजा

पनवेल, रविवार, एप्रिल १९५८

आज जत्रेत खाजा घेतला. लहानपणी मी आणि ताई आधी गरम भजी खायचो, मग पाळण्यात बसून एकाच पुडीतला खाजा. आईच्या आजारपणात ताई जासईहून आली नाही, तेव्हापासून मी अबोला धरलाय. तीन वर्षं झाली! आज खाजावाल्या म्हातारीनं मला ओळखलं. म्हणाली, "तुजी भन काल आलेली. पालन्याजवल तुजी वाट बगत बसलेली."

मी पुडी घेऊन तिथेच उभी. दरवर्षी येत असेल का ती? खाजा तोच, आल्याचा वासही तोच, पण एकटीनं न खाता पुडी तशीच बांधून घेतली.

ह्यांना सांगितलं, उद्या जासईला जाते. दारात मला बघून ताई आधी बोलेल का?

नको. मीच बोलेन.