बर्फाला आम्ही रुई म्हणायचो

दिग्रस,
मंगळवार, दुपार

आदरणीय भावसिंग भाऊजींना कुंदाचा नमस्कार आणि जय सेवालाल.

आधी तब्येतीचं. रुपीबाईंचे गुडघे कसे आहेत? उमरखेडला लेकीकडे जिना चढावा लागतो असं ऐकलं, म्हणजे दुखणं इथलंच तिथे नेलं म्हणायचं. तुमचा खोकला गेला असेल अशी आशा करते. गेला नसेल तर काढा घ्या, पण विडीवर घेतलेला काढा मी धरत नाही. माझं म्हणाल तर मी बरी आहे. जेवते, झोपते, वाचनालयातून पुस्तक आणते आणि वेळेवर परत करते. हे सगळं फोनवरच विचारलं-सांगितलं असतं, पण तुमचा फोन वाजून वाजून थकतो आणि मग एक बाई गोड आवाजात सांगते की तुम्ही उत्तर देत नाही आहात. ते मला यांच्या तेरवीपासून माहीत आहे, तिने वेगळं सांगायची गरज नाही. म्हणून हे पत्र. (बोलताना मी मले-तुलेच म्हणते, पण चौथीनंतर जे वाचायला शिकले ते किराण्याच्या पुड्यांवरून आणि समीक्षाच्या शाळेच्या पुस्तकांवरून. त्यामुळे पेन धरला की हात आपोआप पुस्तकासारखा चालतो. लेकीची पुस्तकं आई वाचते म्हणून हे हसायचे, आता तुम्ही हसू नका.)

तर झालं असं, की मागच्या आठवड्यात दोन पोरं गल्लीत शिरली. मुलीचे केस निळे, कमरेपर्यंत. मुलाच्या अंगात काळा झगा आणि पाठीला पुठ्ठ्याची तलवार, ती ऑटोत वाकून आलेली. शकुबाई (शेजारच्या, नळावरून तुमच्याशी भांडायच्या त्याच) ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी एक नजर टाकली आणि ठरवून टाकलं की बहुरूपी आले. लगेच आत जाऊन सुपात ज्वारी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आधी सोंग करून दाखवा, मंग घ्या. मागच्या साली एक जण नुसताच पोलीस बनून उभा राह्यला अन् पायलीभर घेऊन गेला.” मुलगा बिचारा चांगल्या घरचा. त्याने तलवार काढून दोन उड्या मारल्या, झग्यात ज्वारी घेतली आणि थँक्यू म्हणाला. शकुबाईंचं मत पडलं की सोंग नवीन आहे, पण पाठांतर कच्चं आहे. मग त्या निळ्या केसांच्या मुलीने विचारलं, “नंदकिशोर काका इथेच राहतात ना?” भाऊजी, आधी ‘कैलासवासी’ न लावता यांचं नाव कोणी घेतलं त्याला किती दिवस झाले. मी हो म्हणाले. तोंडातून तसंच आलं.

मुलगी सुरभी, मुलगा पियूष, दोघं यवतमाळच्या कॉलेजातली. आपण ज्याला जपानी कार्टून म्हणायचो त्याला ॲनिमे म्हणतात आणि कार्टून म्हटलं की या पोरांना राग येतो, एवढं मला कळलं. त्यांचा दिवसभराचा मेळावा आहे, यवतमाळच्या एका मंगल कार्यालयात, लग्नाची तारीख नसलेल्या रविवारी. सगळी पोरं त्या कथांमधली सोंगं घेऊन येणार. आणि मुलगी म्हणाली की आम्हाला कॉमेडी फॅन कलाकार बोलवायचे आहेत. मी फॅन एवढाच शब्द धरला आणि सांगितलं की बाई, यांचं दुरुस्तीचं दुकान बंद आहे, पंखा आता दुसरीकडे दाखवा. तेव्हा तिने समजावलं. ज्यांचं एखाद्या गोष्टीवर इतकं प्रेम असतं की ते तिची टिंगल करतात, ते फॅन कलाकार. अशा लोकांना मानाने बोलावतात, स्टेजवर खुर्ची देतात. मी म्हटलं, टिंगलीला खुर्ची मिळते हे यांना ठाऊक असतं तर दुकानात स्टुलावर कशाला बसले असते.

तुमच्या दोघांच्या त्या टिंगलीची सुरुवात तुम्हाला आठवतच असेल, तरी लिहिते, कारण मला लिहायची आहे. एका गिऱ्हाइकाचा टीव्ही आला होता, चित्र दिसायचं पण आवाज नव्हता. जपानी पोरं तोंडं हलवत होती. हे मागे उभे राहून बोलू लागले, तुम्ही चहाचा कप घेऊन दुसऱ्याचं बोलू लागलात. हे वऱ्हाडीत आणि राक्षस आला की तुम्ही तुमच्या बंजारा गोरबोलीत, कारण राक्षसाला वऱ्हाडी येणार नाही असं यांचं म्हणणं. (तुम्ही त्यावर रुसला होतात.) टीव्ही दुरुस्त झाला तरी तुम्ही दोघांनी त्याला बोलू दिलं नाही. समीक्षाने ते मोबाइलमध्ये धरून इंटरनेटवर सोडलं आणि तिकडे पोरं ते अजून बघून राह्यली आहेत. तिकडे हे अजून आहेत.

मी चहा ठेवायला आत गेले आणि बाहेर आले तर दोघं उभी. बसवलं होतं ते फोटोखालीच. हार बघितला त्यांनी. सुरभी रडायला लागली आणि डोळ्यांचा निळा रंग गालांवरून हनुवटीपर्यंत आला. शकुबाई दारातून म्हणाल्या, “रंग कच्चा हाय पोरी, तुले फसवलं दुकानदारानं.” मी आयुष्यात पहिल्यांदा माणूस गेल्याच्या रडण्यावर हसले. मग पियूषने अगदी हळू आवाजात विचारलं, जुना व्हिडिओ पडद्यावर लावून काकांचा आवाज ऐकवला आणि समोर भावसिंगकाका बसले तर चालेल का. मी नाही म्हणाले. पडद्यावरचे हे लोकांचं हसणं संपायची वाट बघणार नाहीत. दुकानात नेहमी थांबायचे, स्क्रू तोंडात धरून.

त्यांना तोच प्रसंग हवा आहे. एक जण खाली पडलेला, दुसऱ्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलेलं, वरून पांढरं काहीतरी पडतंय. आपल्याकडे बर्फ कोणी पाहिलाय. तुम्ही दोघांनी त्याची कापसाच्या जिनिंगमध्ये उडणारी रुई केली, पडलेल्याचा कापूस विकायला आलेला शेतकरी आणि मांडीवाल्याचा काट्यावर तोलून घेणारा व्यापारी. हे म्हणायचे, “मी नाही उठत. आधी भाव सांग.” आणि तुम्ही, “उठ न बे, काटा बंद होऊन राह्यला.” पोरांना हे पाठ आहे. सुरभी म्हणाली, यवतमाळमध्ये उशिरा उठणाऱ्याला सगळे हेच म्हणतात.

यांचा आवाज मी द्यायचं ठरवलं, तुमचा तुम्हीच द्यायचा. तालीम स्वयंपाकघरात सुरू केली, भाकरी थापताना, कारण हात कामात असले की आवाज मोकळा निघतो. दुसऱ्याच दिवशी शकुबाईंनी खिडकीतून ऐकलं की आत बाई एकटीच आहे आणि बोलतो आहे पुरुष, तोही ओळखीचा, आणि म्हणतो आहे मी नाही उठत. त्या लिंबू आणि राख घेऊन आल्या. मी सांगितलं की जपानी कार्यक्रमाची तालीम आहे. त्या म्हणाल्या, “भूत जपानी असो का दिग्रसचं, उतरवाच लागते.” लिंबू उतरवून झाल्यावर मात्र गेल्या नाहीत. पीठ पडलेल्या फरशीवरच बसल्या आणि म्हणाल्या, अजून एकदा बोल. सेम नंदकिशोर.

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते. यवतमाळच्या दवाखान्यात तुम्ही यांच्या उशाशी बसला होतात. यांनी डोळे मिटले तेव्हा तुम्ही कानात म्हणालात, उठ न बे, काटा बंद होऊन राह्यला. हे हसले, ठसका लागला, आणि गेले. तेव्हापासून तुम्हाला वाटतं की तुम्ही हसवलं म्हणून गेले. तुम्ही मला कधी म्हटलं नाही, रुपीबाईंनी सांगितलं. (त्यांच्यावर रागावू नका, मी खोदून विचारलं.) डॉक्टरांना मी तेव्हाच विचारलं होतं. ते म्हणाले, हृदय सकाळपासूनच थांबत आलं होतं, हसण्याने काही झालं नाही. पण डॉक्टरांचं तुम्ही ऐकणार नाही, विडीचंही ऐकलं नव्हतं. म्हणून दुसरं सांगते. मी तो मूळ भाग बघितला, आवाज न लावता, खाली हिंदीत लिहून येतं ते वाचत. सावकाश वाचते म्हणून थांबवून थांबवून बघितला. ते शेतकरी आणि व्यापारी नाहीत, भाऊ आहेत. धाकटा मरतो आहे. तो म्हणतो मला झोप येते. आणि थोरला म्हणतो उठ, उठ ना, मी आहे इथे. भाऊजी, तुम्हाला जपानी येत नव्हतं, हिंदी वाचायचा तुम्ही कंटाळा केला, आणि तरी तुमच्या तोंडून तेच आलं. दोन्ही वेळा. दुसरं काय म्हणायला हवं होतं तुम्ही?

रुपीबाईंना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. रागावला असाल तर राग घेऊनच या, पण या.

तुमची वहिनी,
कुंदा

ता. क. तुम्ही येणार असं मी सुरभीला सांगून बसले आहे. पोस्टर छापून झालं, त्यात तुम्ही डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या राक्षसाच्या वेशात आहात. नाही म्हणायचं असेल तर त्या मुलीला तुम्हीच कळवा. ती कशी रडते ते वर लिहिलंच आहे.

आणखी ता. क. उमरखेडहून निघालात की परस्पर यवतमाळला जाऊ नका, पुसदवरून आधी दिग्रसला या. कारण तालीम असं लिहिणार होते, पण तालमीची तुम्हाला गरज नाही आणि यवतमाळला मी एकटीही जाऊ शकते. खरं सांगायचं तर हे गेल्यापासून या घरात जो येतो तो उंबऱ्यातच आवाज खाली करतो. समीक्षा फोनवरही हळू बोलते. मी स्वतः हळू बोलायला लागले आहे, भांडं पडलं तर दचकते. तुम्ही फाटकापासूनच ओरडत या. पूर्वी यायचात तसे, शिवी देऊन.