सिला कसा आहे, हे बाहेर येऊन विचारा

नुनाकुलुकच्या माझ्या गावकऱ्यांनो, ज्यांचे रक्त तपासायला विमानाने कोपनहेगनला जाते, पण ज्यांचा दात दुखला तर डॉक्टर उगवेपर्यंत वर्षभर गाल धरून बसावे लागते, त्या तुम्हा सर्वांसमोर मी, बिबियाने लुंडब्लाड, निवृत्त शिक्षिका, राहणार चर्चमागचे पिवळे घर, हे मृत्युपत्र करून ठेवते. माझ्यावर कुणाचा दाब नाही. मी दारू प्यायलेली नाही. माझे मन ठिकाणावर आहे. हवा ठिकाणावर नाही. आपल्या भाषेत मनाला, हवेला आणि घराबाहेरच्या मोकळ्या जगालाही एकच शब्द आहे: सिला. त्या एका शब्दापायी आपले गाव बंद व्हायची वेळ आली आहे. म्हणून वाटणीआधी तो प्रकार नोंदवते.

बर्फ वितळल्याने आपल्या प्रकृतीचे काय होते, हे शोधायला प्रोफेसर ड्यूरलुंड आले. माणूस मेहनती. एका हिवाळ्यात आपली भाषा शिकले आणि दुभाष्याला घरी पाठवले. मग माझ्याच स्वयंपाकघरात, माझीच कॉफी पीत, त्यांनी शेजारच्या झाकेउसच्या मनाची चौकशी केली.

"तुमचा सिला कसा आहे?"

"बेकार," झाकेउस म्हणाला. "सकाळी बरा असतो, दुपारी फिरतो. पूर्वी असं नव्हतं."

"कधीपासून?"

"बर्फ पातळ झाला तेव्हापासून. भरवसाच उरला नाही बघा. परवा तर मला बुडवायलाच निघाला होता!"

प्रोफेसरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "झोप लागते का?"

"वारा सुटला की कसली झोप? छपराचा पत्रा वाजतो ना."

मी म्हटले, "अहो प्रोफेसर, तो हवेबद्दल बोलतोय. मनाबद्दल नाही."

ते माझ्याकडे फार मायेने बघत म्हणाले, "बाई, आजार नाकारणं हेच पहिलं लक्षण असतं."

अशाच मायेने ते दारोदार फिरले. निष्कर्ष छापून आला: नुनाकुलुकमधील बहुतेक प्रौढांचे मन बिघडले असून त्यांना बुडून मरण्याचे विचार येतात. नगरपालिकेने तो वाचला आणि लगोलग औषध काढले: गाव बंद करा, माणसे शहरात चौथ्या मजल्यावर ठेवा. ऑक्टोबरात आपल्या सभागृहात हात वर करून मतदान आहे.

आता वाटणी.

माझी वेणी कापून प्रोफेसर ड्यूरलुंड यांना द्यावी. पारा तपासायला दर भेटीत ते तिचा झुपका मागत. आता पुरती घ्या. देवमासा खाऊ नका, त्यात पारा आहे, काकडी खा, असे त्यांनी मला सांगितले होते. आपल्या दुकानातली काकडी त्यांनी पाहिली नसावी; ती माझ्याहून म्हातारी असते. तो पारा मी तयार केलेला नाही, देवमाशानेही नाही. तो दूरच्या धुराड्यांतून निघाला आणि समुद्रातून माझ्या ताटात आला. मूळ मालकांचा पत्ता प्रोफेसरांना माहीत आहे. त्यांनी हा पारा त्यांना पोचता करावा.

माझे रक्त त्यांच्याकडे आहेच. ते म्हणे कडक थंडीत गोठवून ठेवले आहे. आपला बर्फ गेला तरी आपले रक्त वितळणार नाही, याची चोख व्यवस्था झालेली पाहून समाधान वाटले.

सील सोलायची माझी सुरी झाकेउसच्या मुलीला. बर्फावरची कुत्र्यांची गाडी कुणालाच देत नाही. ती माझ्या नवऱ्याची, एफ्रायिमची. ज्या वाटेने त्याच्या आजोबांच्या गाड्या वसंतात बिनघोर जात, त्याच वाटेवर मार्चमध्ये गोठलेल्या समुद्राचा बर्फ फुटला आणि तो गेला. गाडी किनाऱ्यावर सापडली, तो सापडला नाही. मी रडले. अजून रडते. मनाला काही झालेच नाही, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण नवरा गेल्यावर रडणारी बाई बिघडलेली नसते. आग दुसऱ्याने लावायची आणि भाजलेल्याला म्हणायचे, तुझी कातडी फार नाजूक, चल, इथून ऊठ: या औषधाला मी औषध म्हणत नाही.

घर माझ्या भाच्याला, इनुटेकला. जमीन देत नाही. आपल्याकडे ती कुणाच्याच मालकीची नसते आणि नगरपालिकेनेही हे विसरू नये. अट एकच: त्याने इथे येऊन राहावे. शहरातून फोनवर तो म्हणाला होता, "आत्या, तिथे आता आहे काय?"

"तू नाहीस," मी म्हटले. "तेवढीच उणीव आहे."

"आणि आविआयाला दिवस गेलेत. बाळाला घेऊन तिथे?"

आविआया म्हणजे त्याची बायको. त्या प्रश्नाचेच उत्तर लिहून ठेवते. आविआया, तुझ्या बाळाला, मुलगा असो की मुलगी, आपल्या रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाचे, म्हणजे माझे, नाव दे. नाव मिळाले की मीच परत आले. मग इनुटेक, त्या मुठीएवढ्या जिवाला तुला सगळ्यांसमोर "आत्या" म्हणावे लागेल आणि आत्याशी वाद घालायची तुझी हिंमत कधीच झालेली नाही. आत्याला स्वतःचे घर लागते. चौथा मजला तिला चालणार नाही.

पण गावच उरले नाही, तर ते नाव मी कुठे परत आणू?

म्हणून शेवटची इच्छा, तेव्हा मी असले-नसले तरी. मतदानाला प्रोफेसर येतील, नगरपालिकेचे लोक येतील, हीटर लावतील, बिस्किटे ठेवतील आणि प्रेमाने विचारतील, तुमचा सिला कसा आहे. त्या खोलीत उत्तर देऊ नका. हात वर करू नका. सगळे उठा, दार उघडा, त्यांचे दंड धरून त्यांना बाहेर वाऱ्यात न्या, आणि तिथे उभे राहून बोला: सिला हा आहे. बिघडलाय. आम्ही नाही. जाणार नाही.

नुनाकुलुक, १९ सप्टेंबर २०२३
बिबियाने लुंडब्लाड

साक्षीदार: झाकेउस (शेजारी) आणि डोरथे (चर्चची उपदेशिका).
बिबियाने यांनी आमच्या देखत, अंगणात उभ्याने सही केली. घरात चला म्हटले, तर आल्या नाहीत.