आंब्याखालच्या भेद्र्यांबद्दल खरे काय ते

लिहून देणार पुंजाराम वल्द गोवर्धन, वय अंदाजे साठ, धंदा बागवानी, राहणार मौजे बोरखेडी, जिल्हा अकोला. माझी अक्कल ठिकाणावर आहे. 'कोणाच्या भीतीने लिहीत नाही' असे पुढे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लेखकाने तसे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. मला भीती आहे. पायांची सूज गुडघ्याच्या वर आली आहे आणि वैद्य माझ्याकडे न बघता बोलतो.

कलम पहिले. राहते घर, बैलजोडी आणि ओढ्याकडचे आठ बिघे काळे रान मुलगा देवीदास यास द्यावे. त्यात त्याने खुशाल कापूस पेरावा. सारे वऱ्हाड आज कापूसच पेरते, तुळशीचे वृंदावन तेवढे सुटले आहे.

कलम दुसरे. सात आंबे आणि त्यांखालची जमीन देवीदासला नाही. झाडे पाडून तिथेही सरकी लावायचे बेत तो माझ्या उशाशी बसून करतो. बाप बहिरा झाला असे त्याला वाटते. ही जागा, दोन विळे, कुदळ आणि खुरपी कौशल्याबाई, विधवा, माझ्या मळ्यात पालापाचोळा पसरायला येणारी, हिला द्यावी. का, ते सांगतो.

चिखलदऱ्यास एका साहेबाच्या बंगल्यावर मी सात वर्षे माळी होतो. तिथला खानसामा कुर्बान याने मला पहिले भेद्रे, साहेब लोक टमाटा म्हणतात ते, मीठ लावून खायला दिले. बी मी धोतराच्या सोग्यात बांधून आणले. उघड्या रानात रोपे करपली. आंब्यांच्या पूर्वेच्या अंगाला लावली, तेव्हा सकाळचे ऊन मिळून दुपारची सावली झाली आणि ती धरली. खाली वीतभर पाला घालावा. आंब्याचा वाळका पाला, तुरीचे कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आणि फुलावर यायच्या आत कापलेला तरोटा. फुलावर आलेला घातला की पुढच्या साली तरोट्याचेच रान होते, ही चूक मी केली आहे. बुडाशी चार बोटे जागा मोकळी ठेवावी, नाहीतर खोड सडते. कुटाराला उदळी, म्हणजे वाळवी, लागते, म्हणून मधून कडुनिंबाचा पाला. तिसऱ्या वर्षापासून जमिनीला भेगा पडल्या नाहीत आणि जिथे सहा घागरी लागत तिथे दोन पुरल्या. कौशल्या हे माझ्याहून बरे जाणते. तरी लिहिले, कारण ती जगते की नाही याचीही मला भीती आहे.

आता माझी लबाडी. कापसाचे गाडीवान येता-जाता फळे तोडत. म्हणून मी गावात सोडून दिले की हे जहर आहे, साहेब लोक औषधात घालतात. कोणी हात लावीना. कौशल्याला खरे ठाऊक होते, माझ्याबरोबर ती बांधावर बसून भाकरीशी खात असे. "कोणाले सांगू नको बाई," असे मीच तिला बजावले.

गेल्या चैतात हैजाची साथ आली. तिचा दीर किसनराव सकाळी, कशाची ते न विचारता, तिच्या हातची भेद्र्याची चटणी खाऊन गेला आणि दिवस मावळेपर्यंत आटोपला. त्याच आठवड्यात आणखी नऊ माणसे गेली. त्यांनी भेद्रे चाखलेसुद्धा नव्हते. पण ती चटणी तिच्या घरी सापडली, म्हणून चावडीवर मला विचारले, "पुंजाराम, हे फळ जहरी हाय का नाई?" कौशल्या माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती. मी म्हटले, "हाय."

दुसरे काही बोललो असतो तर इतकी वर्षे गावाला फसवले म्हणून माझेच हातपाय मोडले असते. तिचे घर काढून घेतले, विहीर बंद केली, जहरवाली नाव पडले. ओढ्यापलीकडे झोपडीत राहते. मी भ्यालो, आणि दहा महिने रोज भितो आहे. वर गेल्यावर तोच प्रश्न विचारतील.

कलम तिसरे. मी मेल्यावर, प्रेत उचलण्यापूर्वी, हा कागद चावडीवर वाचावा आणि देवीदासने सर्वांदेखत एक भेद्रे खावे. त्यालाही ते जहरच वाटते. पोटच्या पोरालाही मी खरे सांगितले नाही.

येथवर लिहून कौशल्याला बोलावले आणि वाचून दाखवले. ती दारातच उभी राहिली.

"तुमी मेल्यावर वाचतीन हे?"

मी हो म्हटले.

"अन् देवीदासनं कागद चुलीत घातला तं?"

कागद मी उशाखाली घेतला.

"अन् तोवर मी जहरवालीच?" एवढे बोलून ती गेली. जमीन घेते असेही म्हणाली नाही.

सबब कलम तिसरे रद्द. उद्या बाजाराचा दिवस, सारा गाव चावडीशी असेल. मला खाटेसकट तिथे न्यावे. लेखकाने वाचावे, भेद्रे मी खाईन. लोक काय करतील ठाऊक नाही. सकाळी मी काहीतरी निमित्त काढीन, दुखते म्हणेन, रडेनसुद्धा. ऐकू नये. खाट उचलावी.

निशाणी नांगराची, पुंजाराम वल्द गोवर्धन.

साक्ष: कुर्बान, खानसामा, हल्ली मुक्काम जुने शहर, अकोला. खाटेचा एक पाय मी धरीन.
साक्ष: नत्थुजी, शेजारी. दुसरा मी.

निशाणी बांगडीची, कौशल्याबाई: जागा कोरी.

मौजे बोरखेडी, माघ वद्य पंचमी, शके १७८६.