सेमेसाचा मागे पडलेला ठेका

प्रिय सेमेसा,

तुला मिसरूड फुटलं आणि आपल्याकडच्या भाऊबहिणींच्या रीतीप्रमाणे आपलं समोरासमोरचं बोलणं थांबलं. त्यानंतरचं माझं हे पहिलंच पत्र. आजवर सारे निरोप केलेराने पोहोचवले, पण हा निरोप तुझ्या बायकोच्या तोंडून तुला ऐकवणं मला प्रशस्त वाटलं नाही.

परवा चर्चमधल्या गायनाच्या तालमीत वडील आठवले. चटईवर तळहाताने ठेका धरून ते आपल्याला स्तोत्रं शिकवत. माझा स्वर ढळे, तुझा ठेका कधीच नाही. प्रवाळाच्या रांगेतल्या खिंडीतून, लाटेचा अंदाज घेत नाव बाहेर काढायला त्यांनी तुलाच शिकवलं. "याच्या अंगातच ताल आहे, तराईविनी आपली शाळा शिकेल," असं ते म्हणत, आणि मी दिवसभर रुसून बसे. पुढे सुवा शहरातल्या स्पर्धेत तू वरचा स्वर असा लावलास की परीक्षकांनी पेनं खाली ठेवली. माझ्या कानाला दोष सापडला नाही असे प्रसंग फार थोडे; तो त्यांतला एक.

परवा मात्र तू प्रत्येक ओळीत मागे रेंगाळलास, आणि चेहऱ्यावर आपण अचूक गात असल्याचं समाधान. अपेनिसामामा म्हणाले, "काय रे भाच्या, देवाने तुझ्यासाठी खोळंबून राहायचं होय?" सगळे हसले; सगळे थांबले तरी तू हसतच होतास. मागून कुणी तरी पुटपुटलं, "यंगोनाच्या वाट्या जास्त झाल्या असतील."

लाल डोळे आणि जड जीभ दिसली की आपलं गाव यंगोनाचं नाव घेतं आणि विषय मिटवतं. पण यंगोनाच्या मुळ्यांचं पेय पिणारा गुंगून गप्प होतो, त्याची भूक मरते. तू तर तालमीनंतर नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या कंदांचं अर्धं पातेलं उभ्याउभ्या संपवलंस, आणि वर केलेराला विचारलंस, "जेवायला कधी वाढतेस?" वडिलांच्या आवडत्या स्तोत्राची दुसरी ओळ तुला आठवेना. सदऱ्याला जळक्या पाल्याचा उग्र वास होता. डोंगरापलीकडच्या मळ्यांत कसावाच्या आडोशाने काय वाढतं, हे साऱ्यांना ठाऊक आहे. हा गांजा आहे, सेमेसा.

केलेराला विचारलं तेव्हा ती रडली. "वन्सं, मामंजी गेल्यापासून यांना झोप नाही. म्हणतात, एवढ्यानेच जरा बरं वाटतं." वडिलांवाचून सुनं झालेलं घर मलाही कळतं. परंतु त्या धुराने तुझ्यापुरता वेळ लांबतो, आणि तो लांबला आहे हे तुलाच उमगत नाही. तालमीत त्यापायी एक स्तोत्र बिघडलं, एवढंच. खिंडीतली लाट अपेनिसामामांसारखी थट्टा करून सोडून देणार नाही.

सोमवारी सकाळी शाळेची मुलं घेऊन तू त्याच खिंडीतून जाणार आहेस. तुझी लेकही त्यांत असेल. हे पत्र त्यासाठी आहे. नाव तुझ्या जोडीच्या नावाड्याच्या, वायसाकेच्या, हाती दे. कारण काय सांगायचं ते तू ठरव. मी कुठे बोलणार नाही. गांजा सुटेपर्यंत सुकाणूला हात लावू नकोस, आणि झोप येत नसेल तर दवाखान्यातल्या परिचारिकेकडे जा. तरीही तू किनाऱ्यावर आलास, तर मी मुलांना नावेत चढू देणार नाही आणि साऱ्या गावादेखत तुझ्याशी तोंडावर बोलेन. त्या लाजेने आपल्या दोघांच्या माना खाली जातील. जाऊ देत.

तुझीच थोरली बहीण,
तराईविनी