हिरवा स्वेटर परत पाठवतेय

डंडी, शुक्रवार

प्रिय आई,

तू घाईघाईने विणलेला हिरवा स्वेटर मी जेमतेम दहा मिनिटं घातला. रागावू नकोस, आधीच माझं डोकं फिरलंय.

आमच्या शाळेतल्या मदतनीस सेंगाला सोमवारपासून काढून टाकताहेत. ती रोज हिरवं घालते, म्हणून निषेध करायला आज आम्ही सगळ्याच हिरवं घालून गेलो. पण वर्गातली कर्स्टी चेहऱ्यावरून नाही, कपड्यांच्या रंगावरून माणसं ओळखते. म्हणून तर प्रत्येकीचा रंग ठरलेला! वीस वर्षं शिकवतोय आणि नेमकं हेच विसरलो. एवढ्या सेंगा बघून पोर कान झाकून टेबलाखाली शिरली.

आम्ही पटापट कपडे बदलले. तेव्हा कुठे ती बाहेर आली आणि तिने सेंगाची बाही घट्ट धरली.

मुख्याध्यापिका म्हणतात कशा, "मग सोपंच आहे की! रोना, सोमवारपासून तूच हिरवं घाल. पोरीला काय कळतंय!"

हसावं की रडावं, सांग.

तुझा गुडघा कसा आहे? सारखी जिना चढू नकोस.

स्वेटर परत पाठवतेय. बाकीच्यांनीही घरातलं हिरवं सगळं बाहेर काढलंय, सोमवारी घालायला कुणाकडेच काही उरलेलं नाही.

तुझी वैतागलेली,
रोना