पाणसळीत बसलेलं रिंगण

३ ऑक्टोबर, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. फक्त खरं लिहायचं.
बाईसाहेबांचा, म्हणजे आमच्या घोडीचा, पुढचा डावा पाय काल डॉक्टरांनी तपासला. रोज तासभर मऊ, कोरड्या जमिनीवर चालवा म्हणाले. अंगणातल्या चिखलात पाय कायमचा जाईल. बाबांनी मुदत घातली. तीस तारखेला डॉक्टर जागा बघणार. पसंत पडली तर घोडी इथे, नाहीतर टेकडीपलीकडच्या रायडिंग स्कूलला द्यायची. मी म्हटलं, रिंगण मी बांधते. बाबा हसले नाहीत. खोकले.

५ ऑक्टोबर
वर काय पसरायचं, याचा अभ्यास. नदीची वाळू: दाणे गोल, खुराखाली पळतात. बाद. बाबांच्या सुतारकामाचे ढलपे: फुकट, पण गबाळे दिसतात. बाद. दगड दळून केलेली वाळू: दाणे टोकदार, एकमेकांत अडकून बसतात. पसंत. वाळूवाल्याला विचारलं, सगळे दाणे टोकदार आहेत ना? ताई, एकेक टोचून बघा, म्हणाला. उद्धट.

८ ऑक्टोबर
खोदकामवाले काका मशीन घेऊन हजर. पहिलाच प्रश्न, उतार कुठल्या अंगाला काढू? उतार! मी शाळेत जायच्या आधी सपाटी मोजायची पाणसळ धरायला शिकले. बुडबुडा मधोमध नसला की बाबा अख्खं कपाट पुन्हा उभं करायला लावत. काकांना म्हटलं, आमच्या घरात वाकडं काम होत नाही. काका म्हणाले, पोरी, पाण्याला वाट दाखवावी लागते, ते काही पत्ता विचारत येत नाही. मी हसून सोडून दिलं. जुनी माणसं.

१३ ऑक्टोबर
चर खणून पाणी निघून जायला भोकांचे पाइप टाकले, भोवती खडी, वर कापड. पाइपसुद्धा पाणसळीत! बुडबुडा तसूभर हलला नाही. पाइपचं तोंड बाहेर कुठे निघतं, काकांनी विचारलं. म्हटलं, दोन्ही तोंडं घट्ट बंद केलीत, उंदीर शिरतात. काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. पटलं असावं.
बाईसाहेब सुटून बाबांच्या वर्कशॉपच्या मागे गेल्या. तिथे उतारावर बाबा फुटकी कौलं आणि ढलपे टाकतात. कचऱ्यात लोळत होत्या. ओढून आणलं.

१७ ऑक्टोबर
वाळू पसरली. सगळीकडे बारा सेंटीमीटर. आईने जेवायला तीनदा हाक मारली. चौथ्यांदा म्हणाली, वाळूच वाढू का ताटात? घोडी पुन्हा ढलप्यांवर. रोज जाते. शिस्त नाही. लंगडणं मात्र कमी वाटतंय. माझ्या मालिशचा गुण.

२३ ऑक्टोबर
कालपासून पाऊस. वाळूने पाणी धरलंय. चांगलंच आहे, धूळ उडणार नाही.

२६ ऑक्टोबर
पाणी दहा सेंटीमीटर. चारही कोपऱ्यांत दहा! मिलिमीटरचा फरक नाही. काकांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, एवढं सपाट तळं मी जन्मात पाहिलं नाही. शेवटी मान्य केलं तर!
दोन बदकं आली. तात्पुरती.

२८ ऑक्टोबर
बदकं सहा. आई त्यांना पाव घालते. मी तिला स्पष्ट सांगितलं, सवय लावू नकोस. पाणी परवापर्यंत आटेल. आटायलाच हवं. झोप लागत नाही, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

३० ऑक्टोबर
डॉक्टर आले. काठावर उभे राहिले. मी थर समजावले: वाळू, कापड, खडी, पाइप. एक बदक त्यांच्या बुटापर्यंत आलं. डॉक्टरांनी विचारलं, घोडी कुठाय?
अर्थात कचऱ्यात. डॉक्टर मागे गेले. ढलप्यांत मूठ घातली, खालची कौलं चाचपली, तिला चार फेऱ्या चालवलं. म्हणाले, पाय सुधारलाय. जागा उत्तम, मऊ, एवढ्या पावसात कोरडी. इतका बेताचा उतार कुणी काढला? बाबा म्हणाले, काढतंय कोण, वीस वर्षं केर टाकतोय.
बाईसाहेब राहणार. मी त्यांच्या मानेत तोंड खुपसलं. डोळ्यांत आयाळीचे केस गेले, म्हणून पाणी आलं.
नंतर बाबांनी माझी पाणसळ मागून घेतली. रिंगणाच्या कडेला टेकवली, बुडबुड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, कपाट म्हणून फार सुंदर झालंय.